फवारणीचं विमान पडतं तेव्हा : 'पायलटची चूक' एवढ्यावर बातमी थांबवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पिकांवर औषध फवारणारं विमान पडल्याच्या बातम्या जगात कुठून ना कुठून येतच असतात. पेपरात आल्या तर आतल्या पानावर चार-पाच ओळीत येतात, विमान विजेच्या तारेला लागलं, पायलटचा जागीच मृत्यू, प्राथमिक माहितीनुसार पायलटची चूक, झाली बातमी. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल एक अक्षर नाही. मी पायलट नाही पण विमानांच्या मेंटेनन्सच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली आणि शेतीच्या विमानांच्या अपघातांचे चौकशी अहवाल मी अजूनही मिळतील तसे वाचतो, आणि ते वाचून माझं ठाम मत झालंय की शेवटचा एक सेकंद पायलटच्या हातात असतो हे खरं, पण तो सेकंद त्याच्यावर आणण्यात बऱ्याच जणांचा हात असतो. टॉवर उभा करणारा, खेपा ठरवणारा, पंखाचा जोड तपासणारा, विमानाचा आराखडा काढणारा, नियम लिहिणारा किंवा न लिहिणारा. हे लोक बातमीत कुठेच येत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी हे काम काय असतं ते बघा. पिकाच्या शेंड्यांपासून दहा-बारा फुटांवरून विमान न्यायचं, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साठ मीटरहून जास्त. शेताच्या एका टोकाला खाली उतरायचं, नोझल चालू करायची, सरळ रेघेत दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, टोक आलं की नोझल बंद करून नाक वर ओढायचं, झाडं खांब जे असेल ते ओलांडायचं, वळायचं आणि मागच्या पट्ट्याला लागून पुढचा पट्टा धरायचा. टाकी रिकामी झाली की धावपट्टीवर उतरायचं, इंजिन बरेचदा चालूच ठेवून टाकी भरून घ्यायची, परत उडायचं. असं सकाळी उजाडल्यापासून. प्रवासी विमानाचा पायलट उड्डाण आणि लँडिंगची ती काही मिनिटं सोडली तर जमिनीपासून लांब असतो, याचं अख्खं काम जमिनीला चिकटून आहे. वर काही बिघडलं तर विचार करायला उंची असते, इथे उंचीच नाही.

आणि "मग जरा वरून उडवायचं ना" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, ते जमत नाही. वरून सोडलं की औषधाचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर शेजारच्या पिकावर, ओढ्यात, घरांवर, मधमाश्यांच्या पेट्यांवर जातात. ते टाळायला खालूनच उडावं लागतं. म्हणजे शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून पायलट स्वतःच्या सुरक्षिततेची उंची सोडून देतो, हे कुणी मोजत नाही.

आता तारांबद्दल, कारण जीव घेणाऱ्या अपघातांमध्ये तारा कायम वरच्या नंबरला असतात. लोकांना वाटतं पायलटला तार दिसली नाही म्हणून तो धडकला. अर्धवट खरंय. तार खरोखरच दिसत नाही, जुनी झालेली तार करड्या रंगाची होते आणि मागे ढगाळ आकाश किंवा नांगरलेलं शेत असेल तर त्यात मिसळून जाते, आणि समजा दिसली तरी ती किती लांब आहे ते डोळ्याला कळत नाही कारण बारीक रेघेवरून अंतराचा अंदाज लागत नाही. म्हणून या पायलटांना शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा, खांबावरचे आडवे दांडे कुठल्या दिशेला आहेत ते बघा, चिनी मातीचे इन्सुलेटर बघा, एखाद्या खांबाला एका बाजूने जास्तीचा ताण दिलाय का बघा, तसं असेल तर दुसऱ्या बाजूला कुठलीतरी तार ओढलेली असणारच, कदाचित पाण्याच्या पंपाकडे गेलेली एकटी लाइन. तीनशे मीटरवरून खांब दिसला तर हातात पाच सेकंद आहेत. त्यात ओळखायचं, ठरवायचं, नाक वर घ्यायचं, आणि टाकी भरलेली असेल तर विमान लगेच ऐकत नाही.

पण खरी धक्कादायक गोष्ट पुढे आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने २००१ ते २०१० या दहा वर्षांतल्या तारेला धडकण्याच्या घटना तपासल्या, आणि त्यात असं निघालं की साधारण ६३ टक्के घटनांमध्ये पायलटला ती तार आधीपासून माहीत होती. माहीत होती! त्याने ती वरून फिरून बघितलेली होती, काही वेळा त्याच सकाळी तिच्यावरून नाहीतर खालून जाऊन आलेला होता, आणि तरी धडकला. हे वाचल्यावर "निष्काळजीपणा" हा शब्द पटकन तोंडात येतो, येऊ देऊ नका. पट्टे मारताना माणसाच्या डोक्यात एकाच वेळी काय काय चालू असतं बघा, जीपीएसच्या दिव्यांची पट्टी बघून रेघ धरायची, वारा किती फिरला, औषध किती उरलंय, इंजिनचे काटे, रस्त्यावर कोणी थांबलंय का, मधेच रेडिओवर पट्टीवरचा माणूस विचारतोय पुढच्या शेताला कुठलं औषध भरू. त्यात सगळे लांब पट्टे एका दिशेने मारून झाले की शेवटी कडेच्या उरलेल्या पट्ट्या मारायच्या असतात, त्या आडव्या दिशेने. इतका वेळ जी तार समोरून येत होती ती आता बाजूने येते, डोक्यातला नकाशा अचानक फिरवावा लागतो, आणि काम संपत आल्यामुळे मन पुढच्या शेतात गेलेलं असतं. माहीत असलेली गोष्ट त्या एका सेकंदाला आठवणं ही माणसाच्या मेंदूची मर्यादा आहे. त्यावर उपाय "सावध राहा" असं बजावणं हा होऊ शकत नाही कारण तो माणूस सावध होताच. उपाय हा की फवारणी सुरू करायच्या आधी आणि परत कडेच्या पट्ट्या मारायच्या आधी वर जाऊन एक चक्कर मारायची आणि तारा पुन्हा बघायच्या, आणि त्या चक्करचा वेळ आणि इंधन कामाच्या पैशात धरलेलं असायचं. दुसरा उपाय म्हणजे वीज कंपन्यांनी शेतातून जाणाऱ्या तारांवर रंगीत गोळे लावणं, जिथे नेहमी हवाई फवारणी होते निदान तिथे. शेतकऱ्याने पायलटला शेताचा नकाशा देताना नवीन ओढलेली लाइन दाखवणं. यातलं एकही काम एकट्या पायलटच्या हातातलं नाही.

टॉवरची गोष्ट तर याहून वाईट. पवनचक्क्या लावायच्या आधी तिथे वारा किती आहे ते मोजायला बारीक टॉवर उभे करतात, लोखंडी नळीचे किंवा जाळीचे, चहूबाजूंनी ताणाच्या तारांनी बांधलेले, काही तासांत उभे होतात. काल नव्हता, आज आहे. अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच बांधकाम असलं तर विमान खात्याला कळवावं लागतं, म्हणून हे टॉवर बरेचदा २०० च्या जरा खालीच ठेवलेले, म्हणजे रंग नाही, दिवा नाही, कुठल्या नकाशावर नोंद नाही. १० जानेवारी २०११ ला कॅलिफोर्नियात ओकलीजवळ शेतीकामाचं एक विमान अशाच टॉवरला धडकलं आणि पायलट गेला. आता सांगा, यात पायलटची चूक शोधायची कुठे? करडा, खांबापेक्षा बारीक, कुणी न सांगितलेला टॉवर. त्याच वर्षी तिथल्या विमान खात्याने असे टॉवर भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवा, ताणाच्या तारांना गोळे लावा अशी शिफारस केली, पण शिफारसच, सक्ती नाही. ५० ते २०० फुटांमधल्या अशा टॉवरवर खुणा करण्याची तरतूद कायद्यात यायला २०१६ उजाडलं. रंगाचा डबा किती स्वस्त असतो, आणि त्यासाठी पाच वर्षं गेली. मला राग येतो तो याचा.

वळणाबद्दल थोडं सांगायला हवं कारण बातमीत "विमान अचानक कोसळलं" असं येतं ते बरेचदा वळणातलं असतं. विमान तिरकं करून वळवलं की पंखांना जास्त भार उचलावा लागतो. ४५ अंश तिरकं केलं तर भार जवळपास दीडपट होतो, ६० अंशांवर दुप्पट, आणि ज्या वेगाखाली पंख विमान धरून ठेवू शकत नाहीत तो वेग ६० अंशांच्या वळणात ४१ टक्क्यांनी वाढतो. पंखांनी सोडलं त्याला स्टॉल म्हणतात. उंचावर स्टॉल झाला तर नाक खाली घालून वेग घ्यायचा आणि सावरायचं, शिकाऊ पायलटही करतो. शेताच्या टोकाला दोन-तीनशे फुटांवर झाला तर सावरायला लागणारी उंचीच तिथे नसते. त्यात पहाटेची हवा शांत असेल तर स्वतःच्याच मागच्या पट्ट्याचे भोवरे हवेत तसेच फिरत असतात, वळून येताना त्यात पंख सापडला की विमान एका बाजूला कलंडतं. वळण घाईचं का होतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. प्रत्येक वळणात फवारणी बंद असते, म्हणजे वळणात घालवलेला वेळ हा बिनपैशाचा वेळ, आणि बऱ्याच ठिकाणी पायलटला पैसे एकरावर मिळतात. एकरावर पैसे द्यायचे आणि वर सावकाश वळ म्हणायचं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

वजनाचंही तसंच आहे. आजच्या मोठ्या शेती विमानांपैकी एअर ट्रॅक्टर ८०२ हे एका इंजिनचं विमान भरलेलं असताना सुमारे सात टन होतं, त्यातलं जवळपास तीन हजार लिटर नुसतं औषधाचं पाणी. टाकी भरून निघालेलं आणि टाकी रिकामी करून आलेलं ही दोन वेगळी विमानं आहेत असंच धरा, पहिल्या दोन-तीन वळणांना जे विमान जड आणि सुस्त होतं तेच वीस मिनिटांनी हलकं आणि चपळ, आणि दर खेपेला हे नव्याने. उन्हाळ्यात दुपारकडे हवा गरम होऊन विरळ होते, तेव्हा इंजिनची ताकदही कमी पडते आणि पंखांची उचलही, सकाळी ज्या पट्टीवरून आरामात सुटलेलं तेच वजन घेऊन दुपारी शेवटच्या टोकापर्यंत विमान उचलत नाही. अशा वेळेसाठी सगळं औषध काही सेकंदात खाली सोडून द्यायचा खटका विमानात असतो. अहवालांमध्ये वारंवार दिसतं की तो ओढला नाही किंवा उशिरा ओढला. का? टाकीतलं औषध महाग, मालक काय म्हणेल, भलत्या शेतात पडलं तर भरपाई कोण देणार, हे सगळं त्या माणसाच्या मनात असतं. ज्या धंद्यात खटका ओढल्याबद्दल एकदाही बोलणी बसणार नाहीत असं मालकाने आधीच सांगितलेलं असतं तिथे हात लवकर जातो, एवढं साधं आहे.

आता थकवा. फवारणीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो, कीड पायलटच्या सुट्टीसाठी थांबत नाही, वारा पडलेला असतो तेव्हा म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी काम, मधे विमान धुणं, औषध, हिशोब. अमेरिकेत हवाई फवारणीचे नियम विमान वाहतूक नियमांच्या भाग १३७ मध्ये आहेत, त्यात पायलटने दिवसाला किती तास काम करावं, किती विश्रांती घ्यावी याची मर्यादाच घातलेली नाही. ट्रक ड्रायव्हरला आहे, प्रवासी विमानाच्या पायलटला आहे, याला नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१३ या एका वर्षातल्या शेतीकामाशी संबंधित ७८ विमान अपघातांचा आढावा घेऊन २०१४ मध्ये खास अहवाल काढला. त्यात बोट कुठे ठेवलंय बघा, थकवा कसा सांभाळायचा याचं या कामापुरतं मार्गदर्शन नाही, धोका कसा ओळखायचा याचं नाही, विमानांची देखभाल अपुरी, आणि पायलटचं ज्ञान आणि कौशल्य तपासायची परीक्षा कशी घ्यायची याच्या सूचना अपुऱ्या. चारही गोष्टी कॉकपिटच्या बाहेरच्या आहेत.

औषधाच्या विषाचा भाग मी फार लांबवत नाही पण सोडताही येत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं कातडीतून आणि श्वासातून आत गेली तर नसांच्या कामावर परिणाम होतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, नजर अंधुक होते, डोकं जड, मळमळ. आता पहाटेच्या कमी उजेडात दहा फुटांवरून तार शोधणाऱ्या माणसाच्या बाहुल्या आकसल्या असतील तर काय होईल? बाहेरून त्याला काही झालेलं दिसणार नाही. हंगामाच्या आधी रक्त तपासून कोलिनएस्टरेजची, म्हणजे नसांच्या कामाला लागणाऱ्या आणि या औषधांनी घटणाऱ्या रसायनाची, मूळ पातळी नोंदवून ठेवायची आणि मग मधे मधे तपासत राहायचं ही साधी पद्धत आहे, आणि पायलटने स्वतः औषध कालवायचं नाही, ते काम वेगळ्या माणसाने सगळी साधनं घालून करायचं. शवविच्छेदनात ही तपासणी झाली का, हा प्रश्न बातमीदाराने विचारायला काहीच हरकत नाही.

माझ्या कामातला भाग मेंटेनन्स, त्यावर मला मनापासून बोलायचंय. खतं आणि औषधं धातूला खातात. विमान रोज धुतलं तरी पोटाखालच्या पत्र्यांच्या आत, बोल्टच्या भोवती, जिथे दोन धातू एकमेकांवर बसतात त्या फटीत ते पाणी झिरपून बसतं. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी यायला लागते, रंग फुगतो, बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो आणि खाली खड्डे. स्टीलच्या जोडावर रंगाखाली गंज धरतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. या गंजाच्या खड्ड्यातून बारीक भेग सुरू होते, आणि शेतीच्या विमानाला तर दर खेपेला जड उड्डाण, दर पट्ट्याला नाक वर ओढणं, वळण, परत खाली, म्हणजे पंखाच्या जोडावर ताण येतो-जातो, येतो-जातो, एका तासात जितक्या वेळा हे होतं तितकं प्रवासी विमानाच्या एका तासात होतच नाही. भेग वाढत राहते. ती शोधायला टॉर्च आणि आरसा पुरत नाही, जोड खोलावा लागतो, रंग काढावा लागतो, कारखान्याने सांगितलेल्या पद्धतीनेच तपासावं लागतं.

२४ ऑक्टोबर २०१३ ला ऑस्ट्रेलियात उलाडुलाजवळ पोलिश बनावटीच्या ड्रोमेडर विमानाचा डावा पंख हवेतच तुटून वेगळा झाला. हे विमान त्या दिवशी वणव्यावर पाणी टाकायच्या कामावर होतं, पण जात शेती विमानाचीच, आणि काम तसंच, जड टाकी घेऊन जमिनीजवळून उडायचं. पायलट गेला. चौकशीत निघालं की पंखाच्या खालच्या जोडाच्या लगमध्ये, म्हणजे बोल्ट जातो त्या धातूच्या कानात, गंजाचे खड्डे होते, त्यातून भेग वाढत गेली होती. आणि आधीची तपासणी झालेली होती, कागद होता, पण कारखान्याने चुंबकीय कणांची तपासणी सांगितलेली असताना दुसरीच पद्धत वापरली होती आणि तिच्यात ते सापडलं नाही. त्या पायलटने काहीही केलं असतं, कितीही हुशार असता, तरी पंख तुटलाच असता. मेकॅनिक म्हणून मला हे वाचताना पोटात खड्डा पडला, कारण हंगामात विमान दोन दिवस खोलून ठेवायचं म्हटलं की सगळीकडून काय दबाव येतो ते मला माहीत आहे, "पुढच्या वेळी बघू, आत्ता नुसतं बघून घे" हे वाक्य प्रत्येक हँगरमध्ये ऐकू येतं. मेकॅनिकला नाही म्हणायचा हक्क आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा मालक, याशिवाय तपासणीच्या कागदाला अर्थ नाही.

इंजिन बंद पडण्याबद्दल एवढंच की जुन्या पिस्टन इंजिनांपेक्षा आताची टर्बाइन इंजिनं बरीच भरवशाची आहेत, पण इंधनात पाणी गेलं किंवा जास्त औषध उचलायला म्हणून इंधनच कमी भरलं तर टर्बाइनही बंदच पडणार.

पण हे सगळं सुधारता येतं, आणि सुधारलेलंही आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विमानाने पहिली फवारणी झाली ३ ऑगस्ट १९२१ ला, ओहायो राज्यात ट्रॉयजवळ, लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यांनी कर्टिस जेनी विमानातून कटाल्पाच्या झाडांवरच्या अळ्यांसाठी लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. त्यानंतरची कित्येक वर्षं लष्कराने काढून टाकलेली शिकाऊ विमानं घ्यायची, पुढच्या सीटच्या जागी टाकी बसवायची आणि उडवायची असंच चाललं. ती विमानं या कामासाठी बनलेलीच नव्हती, आणि मरणाऱ्यांची गणती "धाडसी पायलट" म्हणून व्हायची. मग ह्यू डी हेवन नावाचा माणूस, पहिल्या महायुद्धात पायलटचं ट्रेनिंग घेताना हवेत टक्कर होऊन वाचलेला, त्याला पोटात जी इजा झाली ती सीटबेल्टच्या बकलमुळे झाली असं त्याच्या लक्षात आलं, आणि पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्याने अभ्यास लावला की अपघातात माणूस नेमका कशाने मरतो. विमान पडलं का यापेक्षा वेगळा प्रश्न. त्याचा सल्ला घेऊन फ्रेड वाइक यांनी टेक्सासमध्ये एजी-१ हे विमान बनवलं, ते १९५० च्या डिसेंबरमध्ये उडालं. खास शेतीसाठी. पायलट उंच आणि मागे बसवलेला, म्हणजे समोरचं दिसतं आणि विमान नाकावर आपटलं तर पुढचा सगळा सांगाडा आणि टाकी आधी चुरगळते, जड टाकी मागून येऊन त्याला चिरडत नाही. भक्कम पिंजरा, मजबूत खांद्याचे पट्टे. आजची बहुतेक सगळी शेती विमानं याच धाटणीची आहेत. कॉकपिटसमोर तार कापायची पाती, कॉकपिटच्या वरून शेपटीपर्यंत बांधलेली केबल म्हणजे तार वर सरकून निघून जाईल, हे नंतर येत गेलं.

याचा परिणाम आकड्यात दिसतो. एनटीएसबीच्या नोंदीप्रमाणे अमेरिकेत २००१ ते २०१० मध्ये शेती विमानांचे ८०२ अपघात झाले, त्यातले जीवघेणे ८१. म्हणजे दहातल्या नऊ अपघातांत कुणाचा जीव गेला नाही. दहा फुटांवरून सव्वादोनशेच्या वेगाने उडणाऱ्या विमानांबद्दल आपण बोलतोय हे लक्षात घ्या. हे पायलटांना सावध राहा सांगून झालेलं नाही, कुणीतरी बसून सीटची जागा बदलली म्हणून झालं. आणि कुठे चुकलं तेही लपलेलं नाही, वाइक यांच्याच विचारातून आलेल्या पायपर पॉनी या विमानाच्या सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये पेट्रोलची टाकी इंजिन आणि औषधाच्या टाकीच्या मधे, पायलटच्या पुढ्यात होती, धडक झाली की टाकी फुटून आग. धडकेतून वाचलेले पायलट आगीत गेले. नंतरच्या मॉडेलमध्ये इंधन पंखांत नेलं. आधी नेलं असतं तर, असं मनात येतंच.

ड्रोनबद्दल विचारलं जातं. ड्रोनमध्ये माणूस बसत नाही, त्यामुळे तार लागली तरी जीव जात नाही, लहान आणि अडचणीच्या शेतांना ते चांगलंच आहे. पण मोठ्या सलग क्षेत्रावर, जंगलांवर, टोळधाडीवर विमान आणि हेलिकॉप्टर अजून बराच काळ लागणार, आणि त्याच खालच्या हवेत कुणालाही न सांगता उडवलेला ड्रोन हा त्या पायलटसाठी आता नवीन टॉवर झालाय.

संपादक साहेब, माझी विनंती आहे ती तुमच्या बातमीदारांना. पुढच्या वेळी जगात कुठेही अशी बातमी आली तर चार ओळी आणखी द्या. तारेवर गोळे होते का, पायलट त्या दिवशी कितव्या तासाला उडत होता, टाकीत किती वजन होतं, तापमान किती, पैसे एकरावर होते की पगारावर, पंखाचा जोड शेवटचा कधी आणि कशाने तपासला, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर "मिळालं नाही" असं छापा. आणि 'प्राथमिक माहितीनुसार पायलटची चूक' हे वाक्य चौकशी होईपर्यंत नका छापू, त्याच्या घरचे लोक ते कात्रण कायम जपून ठेवतात. चौकशीचा अंतिम अहवाल यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोपर्यंत सगळे विसरलेले असतात, पण बहुतेक देशांत तो सगळ्यांना वाचायला खुला असतो. तो शोधा, आणि पहिली बातमी जिथे छापली होती तिथेच तेवढ्याच ठळक अक्षरात छापा.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त विमान मेकॅनिक